पाव नंबरचा फरक

मुलीनं ओउलूहून पार्सल धाडलं.
आत एक काळी डबी, दुर्बिणीच्या पिल्लाएवढी,
आणि चिठ्ठी: आई, बाबांना आता कारण उरू देऊ नकोस.

आमच्या उत्सयोकीपासून चष्म्याचं दुकान
दीडशेच्या वर किलोमीटर लांब,
आणि तैस्तोची कारणं त्याहून लांब.

डबी फोनला लावायची, डोळा आत,
बाजूची चकती फिरवत राहायची
लाल रेघ हिरव्या रेघेवर नीट बसेपर्यंत.
हे तर गळ टाकून बसण्यासारखंच, तो म्हणाला,
आणि चाळीस वर्षं टपालाची गाडी चालवलेल्या हातानं
चकती अशी फिरवली
जशी निसरड्यावर स्टिअरिंग.

सकाळी: मायनस दीड.
कॉफीनंतर: मायनस पावणेदोन.
सौनातून आल्यावर, डोळे लाल, मिशीला थेंब:
मायनस सव्वादोन.
तिन्ही आकडे त्यानं कॅलेंडरवर लिहिले,
जिथं एरवी माशांची वजनं लिहितो,
आणि मासे सांगताना करतो तसंच
सोयीचा तेवढा खरा धरला.

मीही डोळा लावून पाहिला.
माझा नंबर मला पाठ आहे.
डबीनं तोच सांगितला, पाव इकडेतिकडे.
म्हणजे खोटं बोलत नव्हती ती.
विचारलं तेवढंच बोलत होती.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काही होतं.
त्यानं ते लांब धरलं, जवळ धरलं,
मग माझ्याकडे सरकवलं.
मी विणकामाचे टाके मोजायचं भिंग आणलं.
"हे उपकरण म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे."
आम्ही खूप हसलो.
ज्याला हे वाचता येईल
त्याला डबी हवी कशाला!

मग मी माझी परीक्षा घेतली.
नदीपलीकडे नॉर्वे, तिथं ओड्डवारचं पिवळं घर.
खिडक्या किती?
चार, तो म्हणाला, न अडखळता.
चारच आहेत.
पण त्या त्यानंच रंगवल्यात,
ओड्डवारचा पाय मोडला त्या उन्हाळ्यात.

फेब्रुवारीत एका रात्री घरी परतताना
त्यानं वळणाआधीच ब्रेक दाबला, अलगद.
डावीकडून तीन रेनडिअर रस्त्यावर आले,
दिव्यांत थबकले, गेले.
बघ, मी म्हटलं, शाबूत आहे की नजर.
तो बराच वेळ बोलला नाही.
वायपर चालूच होते, बर्फ थांबला तरी.
मग म्हणाला,
आउने, मला ती दिसलीच नाहीत.
ती इथं ओलांडतात, एवढंच ठाऊक आहे मला.

इवालोच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला हनुवटी टेकवायला लावली,
डोळ्यावर हवेची फुंकर मारली,
पांढऱ्या अर्ध्या गोलात ठिपके लुकलुकवले.
दिसला की बटण दाबायचं.
तो दाबत होता.
मधे मधे खूप वेळ दाबत नव्हता.
मी दाराशी बसून त्या शांतता मोजल्या,
टाके मोजते तशा,
आणि सतराव्यानंतर सोडून दिल्या.

नंबर निघाला मायनस पावणेदोन.
डबीचा, कॉफीनंतरचा, तंतोतंत.
कागदावर मात्र डाव्या डोळ्याच्या कडेला
करडा डाग होता, दिव्याच्या काचेला काजळी धरावी तसा.
त्याबद्दल डबीला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही, तो दाराच्या चौकटीला
वर्षभर डावा खांदा आपटत होता तरी.

परतताना गाडी मी चालवली.
तो शेजारी, बाहुल्या थेंबांनी फुगलेल्या,
वर डॉक्टरीणबाईंनी दिलेला कागदी काळा चष्मा.
काहीही दिसत नसताना
दर वळणाआधी सांगत होता:
इथं हळू.
आता पुलापर्यंत काही नाही.
इथं परत हळू, इथं माद्या पिल्लं घेऊन येतात.

पिल्लांना अजून तीन महिने होते.
रस्ता रिकामा होता.
मी हळू केली.